जूनमध्ये काम नाकारणारे छाटणीवाले: देवपूर, धुळे

ज्यांच्या पानावर हा अभिप्राय लिहितेय त्यांना आमच्या गल्लीत सगळे जिभाऊ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. झाडं छाटायचं काम करतात. साक्रीकडचे आहेत, सोबत तीन माणसं आणि एक छोटा हत्ती टेम्पो. मी त्यांना पहिल्यांदा बोलावलं गेल्या जूनमध्ये. काम झालं ऑक्टोबरमध्ये. लिहितेय मात्र आत्ता, मार्च अर्धा सरल्यावर, कारण छाटणी चांगली झाली की झाडाची वाट लागली हे पालवी फुटल्याशिवाय कळत नाही. काल सकाळी गच्चीवरून पाहिलं, कापलेल्या जागांच्या खालून कोवळी तांबूस पानं निघालीत. मग लिहायला बसले.

आमच्या अंगणात चिंच आहे. सासूबाईंनी १९७१ साली लावली. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ. प्यायला पाणी नव्हतं, तिथं झाडाला कुठून आणणार? सासूबाई भांडी घासलेलं राखेचं पाणी एका घमेल्यात साठवायच्या आणि संध्याकाळी आळ्यात ओतायच्या. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. आज खोडाला दोन माणसांनी कवेत घ्यावं लागतं. धुळ्याच्या मे महिन्यात, पारा ४४ च्या वर गेला की, आमच्या घरातल्या दोन खोल्या या झाडामुळे राहण्यासारख्या असतात. बाकीच्यांत भिंतीला हात लावता येत नाही.

आणि पावसाळ्यात हे झाड आमचं नसतं, बगळ्यांचं असतं. गायबगळे जास्त, थोडे रातबगळे. जूनचा पहिला पाऊस झाला की काड्या चोचीत धरून येतात. गायबगळ्याचं डोकं आणि मान त्या दिवसांत केशरी होते, एरवी पांढराफेक असतो. अंडी घातल्यापासून पिल्लू उडायला लागेपर्यंत पावणेदोन महिने सहज जातात, सगळ्या जोड्या एकदम येत नाहीत, त्यामुळे सप्टेंबर संपेपर्यंत वर्दळ असते. घाण होते, हे मी लपवणार नाही. खाली पांढरा सडा, वशाट वास, आणि रात्री रातबगळ्यांचं क्वॉक क्वॉक. शेजारच्या नानांची मोटरसायकल दोन महिने ताडपत्रीखाली असते. नाना कुरकुरतात, पण त्यांचं शेत कापडण्याकडे आहे आणि नांगरामागे चालणारा गायबगळा नाकतोडे, किडे किती खातो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गेल्या मेअखेर वळवाचं वादळ आलं. दक्षिणेकडची मोठी फांदी खोडापाशी चिरली. बोटभर फट. ती फांदी नानांच्या पत्र्यांवर आणि आमच्या मीटरच्या वायरवर झुकलेली. म्हणजे काहीतरी करणं भाग होतं.

दोघा-तिघांना विचारलं. पहिला माणूस आला, झाडाकडे न बघता खोडाकडे बघितलं, हाताने घेर मोजला आणि म्हणाला, "बाई, एक रुपया देऊ नका. लाकूड आमचं." दुसरा म्हणाला, दोन हजार आणि लाकूड. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण फुकटचं काम म्हटलं की आपल्याला बरं वाटतं. ज्याची मजुरी लाकडातून निघते तो बारीक फांदी कशाला तोडेल? बारीक फांदीला भाव नाही. तो जाड फांदी तोडणार, निरोगी तोडणार, आणि एक तोडायची तिथं चार तोडणार. चिंचेचं लाकूड कठीण, खाटकाचा ठोकळा त्याचाच करतात, त्याला गिऱ्हाईक आहे. वजन काट्यावर होतं, तुमच्या सावलीचं वजन काट्यावर होत नाही.

मला हे आधीच का सुचलं त्यालाही कारण आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना शिरीष होता. ऑगस्टमध्ये, भर पावसात, एका ठेकेदाराची माणसं आली आणि सकाळी दहा ते दुपारी एक एवढ्यात त्यांनी तो मशीनने आडवा केला. वर बगळ्यांची घरटी होती. मी बाजारातून आले तेव्हा रस्त्यावर पांढऱ्या लवेचे गोळे पडलेले, काही गटारात. मोठे बगळे वर घिरट्या घालत होते, उतरायला जागा नव्हती. मी आणि समोरच्या घरातल्या दोन मुलींनी कोंबड्यांच्या डालग्यात सतरा पिल्लं उचलली. त्या रात्री नऊ गेली. सकाळी वनखात्याच्या माणसांकडे आठ दिली. मला त्या दिवशी काहीच माहीत नव्हतं, ना पिल्लांना काय द्यायचं, ना कोणाला फोन करायचा, ना कायदा. नंतर वाचलं.

निवृत्त होईपर्यंत मी एका वकिलांकडे टायपिस्ट होते, त्यामुळे कायद्याची भाषा वाचायला भीत नाही. दोन गोष्टी प्रत्येक घरमालकाला माहीत असाव्यात. एक, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नाही. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं त्यातच धरलंय. झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हे वारसा वृक्ष धरलं जाऊ लागलं. आमची चिंच त्यात बसते, हे कळलं तेव्हा सासूबाई हव्या होत्या असं वाटलं. दुसरं, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यातच रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. म्हणजे पिल्लं असलेलं झाड पाडणाऱ्याने बंदूक उचलली नाही तरी कायद्याच्या लेखी तो शिकारी ठरू शकतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ च्या सप्टेंबरात महामार्गासाठी अशीच एक चिंच पाडली, पिल्लं मेली, आणि तिथल्या वनखात्याने गुन्हा नोंदवला. तीही चिंचच होती. बातमी वाचून मी पेपर बाजूला ठेवला होता.

आता जिभाऊंकडे येते. नंबर नानांच्या मेहुण्याने दिला. १२ जूनला सकाळी आले. चप्पल काढून झाडाखाली उभे राहिले आणि पाच-सात मिनिटं नुसते वर बघत होते. मी चहा घेऊन आले तरी बघतच होते. मग म्हणाले, "मावशी, दखा ना वर. घरटा शेतस. आते कुऱ्हाड लावी तं पिल्ला खाले पडतीन. हाई काम मी आते नही करस." म्हणजे वर घरटी आहेत, आत्ता कापणार नाही.

मी म्हटलं, अहो पण फांदी चिरलीय, नानांच्या पत्र्यावर आली तर? त्यावर त्यांनी जे केलं त्यासाठीच मी हे सगळं लिहितेय. काम नाकारून निघून गेले नाहीत. म्हणाले, फांदी दसऱ्यापर्यंत पडणार नाही एवढी सोय करून देतो, कापू नंतर. त्यांचा पोरगा वर चढला, एकाही घरट्याजवळ न जाता, आणि चिरलेल्या फांदीला नायलॉनच्या जाड सोलाने वरच्या मजबूत बेचक्याशी बांधलं, दोन ठिकाणी. सालीला दोर कापू नये म्हणून खाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे घातले. खालून लोखंडी पाइपचा टेकू दिला. आम्हाला सांगितलं की वीज कंपनीत अर्ज देऊन मीटरची वायर दुसऱ्या बाजूने घ्या. ती आठवड्यात घेतली गेली. आणि शेवटी शेतातलं जुनं हिरवं शेडनेट आणून गल्लीच्या बाजूला, डोक्याच्या वर दोन हातांवर, झोळीसारखं ताणलं. घाण त्यात पडेल आणि पिल्लू पडलं तर फरशीवर आपटणार नाही. या सगळ्याचे त्या दिवशी दीड हजार घेतले. टायर आणि नेटचे पैसे लावले नाहीत.

पिल्लू पडलंच. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे. नेटमध्ये अडकलं होतं. जिभाऊंना फोन लावला तर ते शिरपूरला कामावर होते, पण फोन ठेवला नाही. दूध देऊ नका, पोळी देऊ नका, पाणी चोचीत ओतू नका, टॉवेलने डोळे झाकून उचला, आणि टोपलीत ठेवून जमेल तेवढ्या वर बांधा, आई-बाप हुडकत येतात. मी टॉवेल टाकला. हातात घेतल्यावर ते इतकं हलकं होतं की टॉवेलच उचललाय असं वाटलं. डोक्यावर पांढरे उभे केस, मानेची कातडी हिरवट, छाती माझ्या तळव्यात धडधडत होती. आणि त्याने भीतीने पोटातलं सगळं माझ्या पदरावर टाकलं. अर्धवट पचलेले चार नाकतोडे आणि एका बेडकाची तंगडी. जिभाऊ फोनवर म्हणाले, घाबरल्यावर ते ओकतातच, आजारी नाही. नानांनी शिडी धरली, त्यांच्या नातवाने टोपली वर बांधली. तासाभराने एक गायबगळा टोपलीच्या काठावर येऊन बसला. नाना शिडीखालीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून मोटरसायकलबद्दल एक शब्द नाही.

बगळे सप्टेंबरअखेर गेले. मधल्या काळात मी महापालिकेत अर्ज दिला, चिरलेल्या फांदीचे फोटो जोडले, आणि फांद्या छाटायची परवानगी घेतली. जिभाऊंनी परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय तारीख दिली नाही. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी आले.

कापण्याची पद्धत मी अंगणात खुर्ची टाकून पाहिली. मोठी फांदी एका घावात तोडत नाहीत. आधी खोडापासून हातभर लांब, खालच्या बाजूने थोडा काप. मग त्याच्या किंचित पुढे वरून कापतात. फांदी पडते, पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही, खालच्या कापाशी अडते. मग उरलेला खुंट वेगळा काढतात, आणि तोही खोडाला अगदी घासून नाही. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सालीची एक फुगीर वळी असते. जिभाऊ तिला गळपट्टी म्हणतात. ती ठेवायची, कारण जखम भरून आणणारी साल तिथूनच वाढते. डांबर, रंग, शेण असलं काही लावलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, वरून झाकलं की आत ओल राहते, झाडाला त्याचं काम करू द्या. प्रत्येक फांदी दोराने बांधून, कप्पीवरून हळूहळू उतरवली. नानांचा एक पत्राही वाजला नाही.

किती कापलं? चिरलेली फांदी, दोन वाळलेल्या, आणि एकमेकींवर घासणाऱ्या तीन. शेंडा छाटला नाही. पोरगा म्हणाला की गिऱ्हाईक नेहमी 'वरून बुटकं करा' म्हणतात. तसं केलं की त्या जागी झुडपासारख्या कमजोर फांद्यांचा झुबका येतो आणि पाच वर्षांत त्याच मोडून पडतात. आणि बगळ्यांना घरटं टेकवायला आडव्या, दणकट बेचक्या लागतात, झुबक्यात ते बसत नाहीत.

दुपारी एक गोष्ट घडली. पश्चिमेकडे एक जुना वाळका खुंट आहे, त्यात ढोली. पोरगा तिथं पोचला आणि खाली हाक मारली. करवत लावण्याआधी प्रत्येक ढोलीत ते मोबाइल काठीला बांधून फोटो काढतात. फोटो खाली आला. अंधारात दोन पिवळे डोळे आणि पांढऱ्या भुवया. पिंगळा. मी इतकी वर्षं पहाटे त्याची चिरचिर ऐकतेय, कुठं राहतो हे माहीत नव्हतं. जिभाऊ म्हणाले, खुंट वाळलेला असला तरी घट्ट आहे, राहू द्या. वाळलेलं लाकूड म्हणजे कचरा असं आपण धरतो. पण पिंगळ्याला, पोपटाला, तांबटाला घर मिळतं ते पोकळ नाहीतर वाळक्या लाकडातच. राखी धनेशाची मादी तर अशा ढोलीत बसून दार लिंपून घेते, नुसती फट ठेवते, आणि नर बाहेरून उंबरं-पिंपरं भरवतो. ते झाड मार्च-एप्रिलमध्ये कापलं तर आतली मादी उडूनही जाऊ शकत नाही.

पिंगळ्याचा फोटो पाहून मला शहादा आठवलं. रानपिंगळा, आमच्या पिंगळ्याचा जंगलातला नातेवाईक, १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसलाच नव्हता. संपला असं धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला, ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा आपल्याच धुळे जिल्ह्यात होतं; नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. तोही जुन्या झाडांच्या ढोल्यांतच घरटं करतो. आपल्या खान्देशाच्या मातीत जगाला हरवलेला पक्षी सापडला, आणि आपण कॉलनीतली ढोलीची झाडं सिमेंटने बुजवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

काम संपल्यावर न सांगता दोन गोष्टी केल्या. खोडाला क्लासवाल्यांच्या, प्लॉटवाल्यांच्या पाट्या ठोकलेल्या, त्यांचे खिळे पकडीने काढले. ३१ निघाले. काही इतके आत गेलेले की फक्त गंजाचा डाग दिसत होता. ते त्यांनी एका स्टीलच्या वाटीत घालून माझ्या हातात दिले, वाटी जड लागली. आणि बुंध्याला भिडवून बसवलेले पेव्हर ब्लॉक चारी बाजूंनी हातभर काढून माती मोकळी केली.

आता खटकलेल्या गोष्टी. सकाळी आठ सांगून साडेदहाला आले, मधे फोन नाही; वीज कंपनीच्या माणसाला मला दोन तास थांबवावं लागलं. पोरगा सुरुवातीला हेल्मेट न घालता चढला. मी ओरडले तेव्हा गाडीतून काढून घातलं. गाडीत आहे तर डोक्यावर का नाही? पंचवीस फुटांवर काम करणाऱ्या मुलाच्या बाबतीत मला यावर तडजोड नको आहे, जिभाऊ, हे वाचत असाल तर मनावर घ्या. पाला-पाचोळा तिसऱ्या दिवसापर्यंत गल्लीत पडून होता. पावती मागितली तर वहीच्या पानावर लिहून दिली; सोसायटीवाल्यांना हिशेबाला नीट बिल लागतं, त्यांनी आधी बोलून घ्यावं. म्हणून एक तारा कमी.

पैसे: ऑक्टोबरचे ७,५०० रुपये. जूनचे दीड हजार धरून नऊ. लाकूड माझंच राहिलं, ते अंगणात रचून ठेवलंय. कोणाला हा आकडा मोठा वाटेल. मला वाटला नाही, कारण इथं माणूस मजुरी मागतो, लाकूड मागत नाही, आणि त्यामुळे फांदी वाचवण्यात त्याचं नुकसान नसतं.

बोलावणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की जून ते सप्टेंबर ते बगळ्यांच्या झाडाला हात लावत नाहीत, उन्हाळ्यात ढोलीच्या झाडाला लावत नाहीत. वाद घालू नका, दुसऱ्या कोणाला आणू नका, तारीख घ्या.

नानांनी गेल्या महिन्यात त्यांच्या कडुनिंबासाठी बोलावलं होतं. जिभाऊ आले, पुन्हा तसेच पाच मिनिटं वर बघत राहिले. एका वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल, स्वच्छ कोरलेलं भोक. तांबटाचं. आम्ही उभे असतानाच आतून डोकं, कपाळावर लाल टिळा, बाहेर आलं. नानांनी जिभाऊंना काही विचारलंच नाही. आत गेले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून ऑक्टोबरच्या पानावर पेनाने 'निंब' असं लिहून आले.